क्लॅरिनेट: जीभ, अंगठा आणि न तुटणारी फुंक

सर्गेई प्रोकोफिएव्ह यांनी १९३६ मध्ये मुलांसाठी 'पीटर अँड द वुल्फ' लिहिलं, तेव्हा त्यातल्या मांजराचं काम क्लॅरिनेटला दिलं. मांजर दबकत येतं ते खालच्या सुरांतल्या मऊ, तुटक नोट्समधून. लांडगा दिसल्यावर झाडावर चढतं ते सरसर वर जाणाऱ्या एका ओळीतून. ऐकणाऱ्याला दोन्ही जागांची गंमत वाटते. वाजवणाऱ्याची मात्र तिथं पुरती परीक्षा होते, कारण क्लॅरिनेट शिकणाऱ्याच्या दोन जुन्या अडचणी या एकाच पात्राच्या वाट्याला आल्या आहेत. पहिली, प्रत्येक नोट जिभेनं स्वच्छ सुटी करणं, म्हणजे टंगिंग. दुसरी, खालच्या पट्टीतून वरच्या पट्टीत सूर न चिरकता, न अडखळता जाणं, म्हणजे 'ब्रेक' ओलांडणं.

विद्यार्थी या दोन गोष्टींचा रियाज बहुधा वेगवेगळा करतात. टंगिंग जमत नाही म्हणून जिभेचा वेग वाढवायच्या मागे लागतात आणि 'ब्रेक' ओलांडता येत नाही म्हणून बोटं घोटत बसतात. दोन्हीकडे मेहनत होते, पण दुखणं तिसरीकडेच असतं. जीभ रीडला, म्हणजे माउथपीसवरच्या पातळ पातीला, लागली की फुंक दबते. बोटं हलायची वेळ आली की फुंक कचरते आणि ओठ आवळतात. फुंक सलग राहिली, तर जिभेचं आणि बोटांचं काम अर्ध्यावर येतं.

पेटीवाला सूर तोडतो तो पट्टीवरचं बोट उचलून. भाता त्या क्षणी थांबलेला नसतो, हवेचा दाब आत तसाच असतो, म्हणून पुढची पट्टी दाबताच सूर पूर्ण ताकदीनं येतो. क्लॅरिनेटवर भात्याचं काम पोटाचं आणि पट्टीचं काम जिभेचं. नवा वादक नेमकी इथं गल्लत करतो. प्रत्येक नोटेला नवी फुंक मारतो आणि जीभ त्या फुंकेला ढकलायला वापरतो. मग सुरुवातीला धक्का बसतो, शेवटी सूर लोंबकळतो आणि वेग वाढवला की सगळंच घोळतं.

म्हणून पहिला धडा एकाच नोटेवर गिरवावा. मेट्रोनोम ६० वर लावावा. क्लॅरिनेटवरचा मधला 'जी' सगळी भोकं मोकळी ठेवून वाजतो, त्यामुळे बोटांची चिंता नाही. जिभेचं टोक रीडच्या टोकाला हलकेच टेकवावं आणि जीभ तिथंच ठेवून फुंक सुरू करावी. आवाज येणार नाही, पण तोंडात हवेचा दाब तयार होईल. ठोका पडताच जीभ फक्त बाजूला घ्यावी. सूर वाजेल तो जीभ रीडवरून सुटल्यामुळे. आघातानं सूर निघतो ही समजूत एकदा मनातून गेली, की टंगिंगमधला निम्मा खडखडाट तिच्याबरोबर जातो. सूर चार ठोके धरावा, जीभ परत टेकवून थांबवावा, पण फुंक थांबवू नये. पोट तसंच ताठ, दाब तसाच. पुन्हा ठोक्याला जीभ सोडावी. हे कंटाळवाणं आहे आणि ते रोज करावंच लागतं.

आता जीभ कुठं आणि किती टेकवायची ते पाहू. रीडचं टोक अतिशय पातळ असतं, जाडी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या घरात. त्याला थांबवायला जोर लागतच नाही. जिभेच्या शेंड्याच्या अगदी थोडा वरचा भाग रीडच्या टोकाला, किंवा टोकाच्या जेमतेम खाली, निसटता लागला की पुरे. पुष्कळ जण जिभेचा रुंद भाग रीडवर सपाट ठेवतात, मग प्रत्येक नोटेपूर्वी 'थप' असा ओला आवाज येतो. काहींची जीभ रीडपर्यंत न जाता टाळूला लागते. त्यांची नोट सुटी होते, पण बोथट राहते आणि वेगात साथ देत नाही.

परदेशी पुस्तकांत टंगिंगसाठी 'टू', 'टी' असे उच्चार सुचवलेले असतात. इंग्रजी बोलणाऱ्याचा 'ट' फुंकर घेऊन येतो आणि ती फुंकर क्लॅरिनेटवर काढून टाकावी लागते. मराठी माणसाची इथं सोय आहे. आपल्या 'त'मध्ये फुंकर नाही, 'थ'मध्ये आहे. तळहात तोंडासमोर धरून 'ती-ती-ती' आणि मग 'थी-थी-थी' म्हणून पाहावं. दुसऱ्या वेळी हातावर हवेचे फटके जाणवतात. टंगिंग हवं ते पहिल्या प्रकारचं. 'ट' मात्र टाळावा, कारण आपला 'ट' म्हणताना जिभेचं टोक मागं वळतं आणि रीडपासून दूर जातं. मऊ, जोडून वाजवायच्या जागी 'दी-दी-दी'चा विचार करावा, ठसठशीत, तुटक स्टॅकाटोला 'ती-ती-ती'चा. दोन्हींत 'ई' आहे, तो मुद्दाम. 'ई' म्हणताना जिभेचा मागचा भाग वर उचललेला राहतो, हवेची वाट अरुंद होते आणि हवा वेगानं रीडकडे जाते. 'ता-ता' म्हणत वाजवणाऱ्याची जीभ खाली पडते. खालच्या पट्टीत ते खपून जातं, पण वरच्या पट्टीत नोट सुरू करताना आधी एक घोगरी गुरगुर येते आणि मागाहून सूर लागतो.

आपण कुठं चुकतो आहोत हे कळायला फोन पुरेसा आहे. ट्यूनरचं अ‍ॅप उघडून एक लांब नोट वाजवावी, मग तीच नोट ठोक्याला एकदा अशी जिभेनं तोडत वाजवावी. दोन्ही वेळा काटा एकाच जागी राहिला पाहिजे. प्रत्येक टंगिंगला तो हलत असेल, तर जिभेबरोबर जबडाही चालतो आहे. आरसा समोर ठेवला की हनुवटीची ती उघडझाप लगेच दिसते. जबडा स्थिर ठेवून फक्त जिभेचं टोक हलवायला शिकलं, की वेग आपसूक वाढतो. ठोक्याला चार नोट्स हे प्रमाण धरून ६० वर सुरुवात करावी आणि सलग दोन मिनिटं एकही नोट न बिघडता वाजली, तरच मेट्रोनोम दोन-चार अंकांनी पुढं न्यावा. मेंडेलसोन यांच्या 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'मधलं १८४२ चं स्केर्झो ऑर्केस्ट्राच्या निवडचाचणीत क्लॅरिनेटवादकाला हटकून वाजवायला लावतात. त्याची गती मिनिटाला ८४ मापांच्या आसपास धरली, तर झरझर जागांत सेकंदाला आठहून अधिक नोट्स येतात. तिथवर पोचलेल्या जिभेचं काम पाहिलं, तर ती फारशी हलतच नाही.

यानंतर येतो जीभ आणि बोटं यांचा मेळ. बहुतेकांची जीभ कमी पडत नाही, तिला बोटांची साथ वेळेवर मिळत नाही. यावर फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राचे मुख्य क्लॅरिनेटवादक आणि कर्टिस इन्स्टिट्यूटमधले शिक्षक डॅनिएल बोनाद यांनी एक उपाय विद्यार्थ्यांना घोटवला, आणि तो आजही जगभर शिकवला जातो. क्लीव्हलँड ऑर्केस्ट्राचे रॉबर्ट मार्सेलस यांच्यासारखे वादक त्यांच्याच तालमीतले.

उपाय असा. 'सी, डी, ई, एफ, जी' एवढ्याच पाच नोट्स घ्याव्यात. ठोक्याला 'सी' अगदी आखूड वाजवावा आणि जीभ लगेच रीडवर परत आणून तो बंद करावा. सूर बंद झाला त्याच क्षणी बोट 'डी'च्या जागी जावं. आता शांतता आहे, फुंकेचा दाब कायम आहे, जीभ रीडवर आहे आणि बोटं पुढच्या नोटेवर तयार आहेत. पुढच्या ठोक्याला फक्त जीभ सुटते आणि 'डी' वाजतो. बोट सुराच्या आधी पोचलेलं असतं, म्हणून नोट फाटायचा प्रश्नच येत नाही. ठोका ६० चा असताना बोटाला भरपूर वेळ मिळतो, तरी ते तातडीनं, शांततेच्या पहिल्याच क्षणी हलवायचं. आळसावून ठोक्याच्या तोंडावर हलवलं तर या रियाजाचा काही उपयोग नाही. गती वाढत जाते तशी मधली शांतता आक्रसते, बोटांची घाईची सवय मात्र तशीच राहते. वेगवान स्टॅकाटो घडतो तो असा.

आता 'ब्रेक'कडे. हा ब्रेक मुळात आहे कशासाठी, हे समजलं तर त्याची भीती कमी होते. बासरीत फुंकेचा जोर वाढवला की 'सा'चा तार 'सा' होतो. सनईतही वरची पट्टी सप्तकानंच चढते. क्लॅरिनेटची नळी आतून सरळ आणि माउथपीसच्या बाजूनं बंद नळीसारखी वागणारी, म्हणून इथं वरचा सूर थेट तार पंचमावर जातो. 'सा' वाजवून डाव्या अंगठ्याची रजिस्टर की दाबली, तर तार 'प' मिळतो. त्यामुळे खालची आणि वरची पट्टी यांच्यामधले सूर भरून काढायला जादा कीज लागल्या, आणि वरची पट्टी सुरू होते ती जवळपास सगळी भोकं बंद करून. न्यूरेंबर्गच्या योहान क्रिस्टोफ डेनर यांनी १७०० च्या सुमारास शालुमो या जुन्या वाद्यापासून हे वाद्य घडवलं, तेव्हापासून हा पेच त्याच्या जन्माला चिकटलेला आहे. पॅरिसमध्ये वादक क्लोझे आणि वाद्यकार बुफे यांनी सुधारून १८४४ मध्ये पेटंट घेतलेल्या, बोम पद्धतीच्या १७ कीजच्या वाद्यातही तो सुटलेला नाही. रजिस्टर की अजूनही दोन कामं करते, पट्टी बदलणं आणि मधला 'बी फ्लॅट' वाजवणं. म्हणूनच तो 'बी फ्लॅट' बिचारा कायम दबका ऐकू येतो.

हाताशी येणारी खरी अडचण 'ए'वरून 'बी'वर जाताना असते. मधला 'ए' वाजतो फक्त डाव्या तर्जनीनं एक की दाबून, बाकी सगळं मोकळं. त्यापुढचा 'बी' हवा तर डावा अंगठा, डाव्या हाताची तीन बोटं, उजव्या हाताची तीन बोटं, करंगळी आणि वर रजिस्टर की, असं सगळं एका क्षणात बसायला हवं. एक बोट जरी केसभर मागं राहिलं, तरी सूर चिरकतो.

यावरचा तोडगा इतका सोपा आहे की तो पहिल्या दिवसापासून न शिकवणं मला अन्यायाचं वाटतं. मधले 'जी', 'ए', 'बी फ्लॅट' वाजवताना उजव्या हाताची तिन्ही बोटं आणि करंगळी आधीच आपापल्या जागी ठेवून द्यावीत. या नोट्सना त्यानं बाध येत नाही, उलट त्यांचा पोकळ आवाज भरीव होतो आणि चढलेला सूर जरा खाली येतो. मग 'बी'वर जाताना उरतो तो फक्त डावा हात. निम्मं काम आधीच झालेलं असतं.

डाव्या हाताचीही शिस्त आहे. तर्जनी 'ए'च्या कीवर उडी मारून जाऊ नये. भोकाच्या कडेवरून ती किंचित कलंडावी आणि बोटाच्या कडेनं की दाबावी. परत येताना तशीच कलंडत भोकावर यावी. अंगठा मागच्या भोकावर आडवा न ठेवता, टोक उजवीकडे वर असा तिरका ठेवावा. मग भोक झाकलेलं असतानाच टोक जरासं झुकवलं की रजिस्टर की उघडते. अंगठा भोकावरून उचलून कीवर सरकवणारे विद्यार्थी पुष्कळ दिसतात, आणि प्रत्येक वेळी त्यांच्या सुरात बारीक खाच पडते. अंगठ्याचा रियाज वेगळाच करावा. 'सी' धरून, एकही बोट न हलवता, अंगठ्याच्या टोकानं की उघडायची आणि मिटायची. 'सी', 'जी', 'सी', 'जी', एका फुंकेत, जीभ न लावता.

शिक्षक जवळ असेल तर याहून चांगला प्रयोग होतो. विद्यार्थ्यानं खालचा 'सी' लांब धरावा, डोळे मिटावेत, आणि शिक्षकानं मागून हात घालून, न सांगता, रजिस्टर की हळूच दाबावी. पट्टी आपोआप वर जाते आणि तार पंचमाचा 'जी' वाजू लागतो. विद्यार्थ्याचा चेहरा त्या वेळी पाहण्यासारखा असतो, कारण त्यानं काहीच केलेलं नसतं. ओठ तेच, फुंक तीच. एरवी 'आता वर जायचंय' हे मनात आलं की तो नकळत रीड चावतो आणि फुंक वाढवतो, आणि त्यानंच सगळा घोटाळा होतो. न सांगता की दाबल्यामुळे चावायची संधीच मिळत नाही, आणि वरचा सूर किती कमी कष्टात येतो हे त्याला कानानं पटतं. असं काही वेळा झाल्यावर अंगठा त्याचा त्यालाच वापरू द्यावा.

खाली येणं वर जाण्यापेक्षा अवघड आहे, आणि त्याकडे कमी लक्ष जातं. वरच्या 'जी'वरून खालच्या 'सी'वर अंगठा सोडला, तरी सूर क्षणभर वरच लटकून राहतो किंवा मध्येच खरखरतो. खाली जायचं म्हणून वादक फुंक सैल सोडतो, हे त्याचं कारण. उतरताना फुंक उलट भरीव ठेवावी आणि जिभेचा 'ई' सोडू नये. ख्यालगायक अवरोहात दमसास जपतो, तशीच जपणूक इथं हवी. 'ई'वरून 'बी', 'एफ'वरून 'सी', 'जी'वरून 'डी', 'ए'वरून 'ई' अशा जोड्या आधी वर, मग खाली, एका श्वासात, अगदी सावकाश घ्याव्यात.

हे सगळं तोंडाच्या ठेवणीवर अवलंबून आहे. वरचे दात माउथपीसवर, खालचा ओठ दातांवर किंचित आत घेतलेला, ओठांचे कोपरे आत ओढलेले, हनुवटी सपाट. तपासणीची एक चांगली युक्ती आहे. फक्त माउथपीस आणि बॅरल जोडून वाजवावं. बी फ्लॅट क्लॅरिनेटवर निघणारा सूर पेटीच्या काळी तीनच्या आसपास यायला हवा. त्याहून वर जात असेल तर ओठ चावतात, खाली येत असेल तर ते ढिले आहेत. (याच वाद्यावर 'सी' वाजवला की पेटीवर काळी पाचचा सूर मिळतो, हे साथीदारांना सांगून ठेवावं. बँडमध्ये पुष्कळ वाद त्यानं वाचतात.) चावण्याची सवय फार मुरलेली असेल, तर काही दिवस वरचा ओठही दातांखाली घेऊन, म्हणजे डबल लिपनं, रियाज करावा. दातांचा जोर लगेच ओठाला टोचतो, म्हणून चावणं आपोआप सुटतं. बोस्टन सिम्फनी ऑर्केस्ट्राचे हॅरल्ड राइट तर कायमच असे वाजवत आणि त्यांच्या सुराच्या गोलाईचं नाव अजून निघतं.

कधी कधी मात्र चूक वादकाची नसते. रीड कठीण असेल, तर सूर काढायलाच चावावं लागतं. शिकाऊ माणसानं दोन किंवा अडीच नंबरच्या पुढं घाई करू नये. चार रीड आलटून-पालटून वापरावेत आणि ओला रीड सपाट पृष्ठभागावर वाळू द्यावा. पॅड गळत असेल, तर जगातला कुठलाही रियाज ब्रेक सुधारू शकत नाही. वरच्या तुकड्याची सगळी भोकं बोटांनी बंद करावीत, खालचं तोंड तळहातानं झाकावं आणि वरून हवा ओढून धरावी. ओढ क्षणात सुटत असेल, तर वाद्य दुरुस्तीला न्यावं. आपल्याकडे लग्नाच्या बँडमध्ये, शाळांत, पोलिस बँडमध्ये अनेक हातांतून फिरलेली वाद्यं वापरात असतात. ती शिकणाऱ्याच्या हाती देण्यापूर्वी एवढी तपासणी करणं ही देणाऱ्याची जबाबदारी आहे.

सलग फुंकेचा हा रियाज पाश्चात्त्य संगीतापुरता नाही. रायचूरचे पंडित नरसिंहलू वडवाटी यांनी क्लॅरिनेटवर हिंदुस्थानी रागसंगीत वाजवलं. रागात मींड घ्यायची, तर बोट भोकावरून हळूहळू सरकवावं लागतं आणि त्या वेळी फुंक जराही डळमळून चालत नाही. गर्शविन यांच्या 'र‍्हॅप्सडी इन ब्लू'ची १९२४ ची ती प्रसिद्ध सुरुवातही याच कौशल्यावर उभी आहे. मूळ लिखाणात तिथं सुटे सूर होते. क्लॅरिनेटवादक रॉस गॉर्मन यांनी तालमीत ते ओढून, घसरवून वाजवले आणि गर्शविन यांना तेच आवडलं. बहुतेक वादक ती घसरण ब्रेक ओलांडल्यानंतर सुरू करतात, कारण तिथं बोटं भोकांवरून सरकवता येतात. तोवर ब्रेक कुणाच्या कानावर येऊ न देता पार करायचा असतो.

रोज अर्धा तास असेल, तर पहिली दहा मिनिटं लांब सूर आणि एकाच नोटेवरचं टंगिंग, मग अंगठ्याच्या जोड्या, मग बोनाद यांची पद्धत पाच नोट्सवर. उरलेल्या वेळात खरी रचना घ्यावी, नुसत्या व्यायामानं कान तयार होत नाही. मोझार्ट यांनी १७९१ मध्ये क्लॅरिनेटवादक अंतोन श्टाडलर यांच्यासाठी लिहिलेल्या क्लॅरिनेट कॉन्चेर्टोचा संथ भाग यासाठी उत्तम आहे. त्यातली एक ओळ निवडावी. आधी ती जीभ अजिबात न लावता, सगळ्या नोट्स जोडून वाजवावी आणि फोनवर रेकॉर्ड करावी. मग लिहिल्याप्रमाणे, जिभेसह वाजवावी आणि तीही रेकॉर्ड करावी. दोन्ही एकापाठोपाठ ऐकताना ज्या दोन नोट्सच्या मध्ये आवाजाची जाडी बदलते, त्या वहीत टिपून ठेवाव्यात आणि दुसऱ्या दिवशीचा रियाज त्याच दोन नोट्सपासून सुरू करावा.